वहिनींच्या उचक्या

मेंदूच्या डॉक्टरीणबाई हुशार होत्या, आणि ते त्यांना स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं. समोर बसलेल्या शिंपीणबाईंच्या डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं होतं, लाल दोरा विटका दिसत होता आणि एमआरआयमध्ये मेंदूवर पांढरे डाग होते. "मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदूतल्या नसांची आवरणं झिजवणारा आजार," असं बाईंनी गेल्याच भेटीत ठामपणे सांगून टाकलं होतं. आज फक्त इंजेक्शनं लिहून द्यायची होती.

शिंपीणबाई गप्प होत्या. ती कसर सोबत आलेली नणंद भरून काढत होती. तिच्या तोंडाला कुलूप नव्हतंच.

"डॉक्टर, आमच्या वहिनी भलत्याच नाजूक हो! माझ्या लग्नात यांना उचकी लागली, ती पंधरा दिवस थांबेना. वर उलट्या! पाहुणे म्हणायचे, एवढी कोण आठवण काढतंय? आई तर बाळाचं टोपडं विणायला बसली!"

वहिनी लाजून हसल्या. बाईंचं पेन मात्र कागदावरच थांबलं.

"पंधरा दिवस? आणि हे मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मेंदूच्या ना," वहिनी म्हणाल्या. "ते पोटाचं होतं. पोटाच्या डॉक्टरांना दाखवलं, हळूहळू थांबलं. उगाच तुमचा वेळ कशाला खायचा?"

हसावं की कपाळावर हात मारावा, बाईंना कळेना. त्यांनी एमआरआयची चित्रं पुन्हा उघडली. मेंदूच्या देठाच्या मागच्या अंगाला, उलटी-उचकीची सूत्रं जिथून हलतात नेमकं तिथे, एक डाग होता. बाकीच्या डागांबरोबर त्यांनी त्यालाही खुशाल एकाच माळेत ओवलं होतं. त्यांना राग आला, पण तो काढायचा कुणावर? स्वतःवरच.

"मी निदान घाईनं केलं होतं," त्या म्हणाल्या. "दुसरा एक आजार अगदी असाच दिसतो. त्यात रक्तातल्या अँटिबॉडी बाहेरच्या शत्रूला सोडून खाल्ल्या घरचे वासे मोजतात. डोळ्याची नस, मणक्यातला मज्जारज्जू आणि ही उचकीची जागा, तिथेच त्यांचा डोळा. मी लिहीत होते ते इंजेक्शन त्या आजारात आगीत तेल ओततं. आधी रक्त तपासू."

"म्हणजे ते घेतलं असतं तर..." वहिनींनी विचारलं.

"उजव्या डोळ्यावरही बेतलं असतं."

नणंदेनं वहिनींचा हात घट्ट धरला.

रिपोर्ट आला आणि बाईंनी दोघींना बोलावून घेतलं. अँटिबॉडी सापडल्या होत्या. आजार दुसराच होता आणि त्यावर वेगळं औषध होतं.

"गेलेली नजर सगळी परत येईल असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "पण पुढचा झटका येऊ नये म्हणूनच हे औषध आहे. उजवा डोळा आपण जपायचा. शिवणकाम सोडायचं नाही."

वहिनींनी सुस्कारा सोडला. शेजारी नणंद मात्र पदरात तोंड खुपसून हमसून हमसून रडत होती.

"वहिनी, तुम्ही इतक्या आजारी होतात, आणि मी सगळ्या पाहुण्यांना तुमची नक्कल करून दाखवत होते!"

"अगं, रडतेस काय?" वहिनींनी तिला जवळ ओढलं. "मी तर पोटाचं म्हणून जन्मभर हे सांगितलं नसतं. तू माझी टिंगल केलीस म्हणून माझा डोळा वाचला."