चौदावा प्रश्न

डॉक्टरांपासून माणसाने काही लपवू नये, असं मुकादमाचं ठाम मत होतं. ते बोलून दाखवत त्याने सदरा काढला, बनियन काढलं आणि लेंग्याची नाडी मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.

"काका, डाग कंबरेखाली आहे ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आहे तसा. पण बराचसा वरच आहे."

बायकोने स्टुलावरूनच त्याच्या हातावर चापट मारली. नाडी सुटली.

आजार दुर्मीळ होता. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग, पण मुक्काम कातडीत. दिसायला थेट गजकर्ण. त्यामुळे मुकादमाने अकरा वर्षं त्यावर मलम चोळलं होतं. तो कशामुळे होतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून डॉक्टरीणबाई प्रत्येक रुग्णाला बत्तीस प्रश्न विचारत होत्या. पहिल्या तेरांत मुकादमाने कारखान्यातलं थिनर, मशीनचं तेल, सुटे भाग धुवायचं रसायन, सगळं घडाघडा सांगितलं. बढतीच्या मुलाखतीतही तो इतका खुलला नव्हता.

"चौदा. कातडीचा विकार असलेल्या कुणाशी संपर्क?"

"वेल्डर." उत्तर तयारच होतं. त्याने नावासकट सांगितलं. "मानेवर हे एवढाले चट्टे. आणि नळाशी आमचा टॉवेल एकच! मग मीच साहेबांना अर्ज दिला, सव्वीस जणांच्या सह्या घेऊन. त्याचा टॉवेल वेगळा केला, पेला वेगळा केला. चार महिन्यांत नोकरी सोडून गेला. पण जाताना मला देऊन गेला."

डॉक्टरीणबाईंनी नाव लिहून घेतलं. "काका, हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. सुरुवात एखाद्या जंतूमुळे होत असेल, असा संशय आहे. रसायनांवरही आहे. सिद्ध काहीच नाही. आणि वेल्डिंग करणाऱ्याची मान भाजतेच. तरी नोंदीसाठी विचारते, आधी त्यांचे चट्टे की तुमचा डाग?"

"त्याचे."

बायको पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

"यांचा," ती म्हणाली. "वेल्डर कामाला लागला त्याच्या आदल्या वर्षापासून मी यांची चादर वेगळी धुते."

"मग कधी बोलली नाहीस ते?"

"बोलले होते. पट्टा काचतो म्हणालात."

तो अर्ज मुकादमाने जेवणाच्या सुट्टीत लिहिला होता, खुर्चीत एका अंगावर कलून. दुसऱ्या अंगाला आग होत होती.

"नाव खोडू का, काका?"

त्याने लेंगा वर ओढला, नाडीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"खोडा," तो म्हणाला. "पण अर्ज मी लिहिला होता, ते कुठे लिहिता येईल?"

डॉक्टरीणबाईंनी कागद उलटून पाहिला. मग सरळ केला.

"तसा रकाना नाहीये. पंधरा. घरात मांजर आहे?"

मांजर नव्हतं.