फुंकर

अहो, जरा हळू! काचेवर बोट ठेवू नका, डाग पडतात. मी एक जुना वेगदर्शक आहे, विमानातला. घड्याळासारखा दिसतो म्हणून मला वेळ विचारू नका. मित्रांनो, वेळ सांगणं हे माझं काम नव्हे. विमान हवेत किती वेगानं चाललंय ते मी सांगायचो, आणि माझ्या शब्दावर माणसं जमिनीवर उतरायची.

माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक चपटी डबी आहे. पंखावरच्या नळीतून वारा शिरला की ही डबी फुगते आणि काटा पुढे सरकतो. डबी इतकी नाजूक की मला बनवणाऱ्या बाई काम करताना श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडायच्या. पुढे एका उड्डाणशाळेत मी एकोणीस वर्षं नोकरी केली. कितीतरी नवशिके माझ्याकडे टक लावून घामाघूम झाले. एकदाही मी खोटं बोललो नाही. मग ते विमान मोडीत निघालं आणि मी भंगारात जाऊन पडलो. तिथं कोणी विचारत नाही हो! माझ्या शेजारी एक फुटका टोस्टर होता, तोही माझ्याशी बोलेना.

तिथून मला उचललं घड्याळवाल्या काकांनी. काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागच्या शेडमध्ये ते सहा वर्षांपासून एक छोटं विमान बांधत होते. बांधणारे काका, उडवणार त्यांची मुलगी. तिला सगळे ताई म्हणत. ती दुसऱ्यांची विमानं उडवायची, पण घरच्या विमानात बसायचं हे तिचं लहानपणापासूनचं वेड होतं. तिसरे होते मामा, काकांचे मेहुणे. ते बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. छाती ही एवढी रुंद, आवाज तसाच, आणि हौस तर विचारूच नका.

काकांनी मला स्वच्छ केलं आणि दाब मोजायच्या पाण्याच्या नळीला जोडून माझी परीक्षा घेतली. प्रत्येक आकड्याला मी खरा उतरलो. "अजून खणखणीत आहे गडी," काका म्हणाले. भंगारातून आलेल्याला असं कोणी म्हटलं की काय वाटतं, ते तुम्हाला नाही कळायचं.

मग आला पॅनेल बसवायचा दिवस. पॅनेल म्हणजे ॲल्युमिनियमचा काळा रंगवलेला पत्रा. त्यात आम्हा सगळ्यांची घरं कापलेली. माझं घर तीन इंच एक सूत. काकांनी ते कानशीनं इतकं नेमकं केलं होतं की मी आत बसलो तो हाताच्या अंगठ्यानं दाबून. इंजिनाची थरथर लागू नये म्हणून पत्र्याखाली रबराच्या गुंड्या. स्क्रू पितळेचे, कारण लोखंडाचे लावले तर शेजारच्या होकायंत्राचं डोकं फिरतं. मामा पाय सीटवर आणि डोकं पॅनेलखाली असे उताणे पडून मागून नळ्या धरत होते. त्यांचं पोट आणि विमान वळवायची दांडी यांचं काही केल्या जमत नव्हतं.

तेवढ्यात एक स्क्रू हरवला. काकांनी काम थांबवलं. विमानात सुटा पडलेला स्क्रू दांडीत अडकला तर दांडी हलत नाही आणि मग सगळाच कारभार आटोपतो. पाऊण तास शोधाशोध झाली. शेवटी स्क्रू निघाला मामांच्याच खिशात! जपून राहावा म्हणून त्यांनी ठेवला होता आणि साफ विसरले होते. काका असे काही भडकले की बोलायची सोय नाही. "हे लग्नातलं वाजवणं नाही! इथं एक चूक म्हणजे माझी पोर जीवानिशी जाईल!" मामांचं तोंड एवढंसं झालं.

संध्याकाळच्या आत पॅनेल बसलं. काका हात धुवायला घरात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक येणार होते. ते चार महिन्यांतून एकदाच यायचे. विमान आकाशात जायला लायक आहे की नाही, हे तेच ठरवणार.

त्याच वेळी मामांचे बँडमधले दोन मित्र विमान बघायला आले. सकाळपासून बोलणी खाल्लेल्या मामांना जरा रुबाब करायची संधी मिळाली. "बघा गंमत," ते म्हणाले, "विमान जागचं हलणार नाही आणि काटा पळेल." त्यांनी पंखावरच्या नळीला तोंड लावलं आणि ट्रंपेटमध्ये मारतात तशी सणसणीत फुंकर मारली.

देवा रे! मित्रांनो, अशा छोट्या विमानाला लागणारा वाऱ्याचा झोत कितीही जोराचा असो, माणसाच्या छातीतला दाब त्याच्या कितीतरी पट असतो. माझा काटा भर्रकन शेवटच्या आकड्यापलीकडे जाऊन आपटला आणि पोटातली डबी मुडपली. मला ते तत्काळ कळलं. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. काटा परत आला, पण शून्याच्या खुंटीपासून केसभर अलीकडेच थांबला.

मामांनी ते पाहिलं. हसू मावळलं. त्यांनी काचेवर टिचकी मारली, पुन्हा मारली. काटा जरासा हलला आणि खुंटीला टेकला. "झालं ठीक," ते स्वतःशीच पुटपुटले आणि मला फडक्यानं झाकून टाकलं. काका बाहेर आले तेव्हा मामा तोंड उघडायला गेले, पण सकाळचा स्क्रू आठवला असावा. "काही नाही, असंच," एवढंच बोलले. काकांनी मला आधीच तपासलेलं, त्यामुळे त्यांनी फिरून पाहिलं नाही.

मी मात्र आतल्या आत तडफडत होतो. आता मी खरं बोलूच शकत नव्हतो. होतं त्यापेक्षा ताशी वीस मैल जास्त दाखवत होतो.

सकाळी निरीक्षकांनी कागद पाहिले, विमान पाहिलं, मान डोलावली. एक फेरी मारायची आणि उतरायचं, असं ठरलं. ताई बसली, पट्टा आवळला, इंजिन सुरू झालं. धावपट्टीवर विमान पळू लागलं. पंचाहत्तरला चाकं सुटायला हवी होती. माझा काटा पंचाहत्तर ओलांडून ऐंशीवर गेला, मग नव्वदवर. ताईच्या कपाळावर आठी पडली. काटा पंचाण्णववर गेला तेव्हा कुठं आम्ही वर उठलो.

"बाबा, जड वाटतंय," ती रेडिओवर म्हणाली. "पंचाण्णवला उठलं. बाकी ठीक आहे. फेरी घेऊन उतरते."

उतरताना तिला माझ्यावर नव्वद हवे होते. पण माझे नव्वद म्हणजे खरे सत्तर! पासष्टला त्या विमानाचे पंख हवा सोडतात आणि ते खाली कोसळतं. वळताना पंख त्याहूनही लवकर हवा सोडतात, म्हणजे जमिनीजवळच्या वळणावर तर ही पाचाची फटही राहिली नसती. मला ओरडावंसं वाटत होतं. पण काट्याला कुठलं आलंय ओरडणं?

खाली काका निरीक्षकांना म्हणत होते, "एवढं जड कसं झालं? वजन तर मी तीनदा केलंय." हे ऐकून मामा पुढे आले. "भाऊजी," ते म्हणाले, "काल मी नळीत फुंकलं."

हे सगळं मला नंतर कळलं. काका ओरडले नाहीत म्हणे. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"काटा कुठपर्यंत गेला?"

"शेवटापर्यंत."

"परत आला?"

"केसभर अलीकडे थांबला. मी टिचकी मारली. भाऊजी, मला वाटलं..."

काकांनी रेडिओ तोंडाशी धरला. "पोरी, नीट ऐक. वेगाच्या काट्यावर विश्वास ठेवू नकोस. तो जास्त दाखवतोय. किती, ते माहीत नाही. उतरू नकोस. वर जा."

ताई उतरणीच्या वळणाला लागलीच होती. तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत माझ्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. मग तिनं इंजिनाचा जोर वाढवला आणि विमान वर वर नेलं.

खूप उंचीवर गेल्यावर तिनं इंजिन मंदावलं आणि नाक अलगद उचललं. काटा उतरू लागला. शंभर. पंचाण्णव. नव्वद. पंचाऐंशीला पंख थरथरले आणि विमान खाली कोसळू लागलं. तिनं नाक खाली घातलं, जोर दिला, विमान सावरलं. "पासष्टच्या जागी पंचाऐंशी," ती म्हणाली. हिशेब पक्का होता. "वीसचा फरक. एकशे दहा धरून उतरते."

ती उतरण मी जन्मात विसरणार नाही. एकशे दहा. एकशे आठ. ती माझा आकडा वाचायची, मनात वीस वजा करायची आणि पुन्हा बाहेर बघायची. झाडं वर आली, कुंपण मागे गेलं. चाकं टेकली, उसळली, पुन्हा टेकली.

काका मट्कन गवतात बसले. मामा विमानाच्या दिशेनं धावले आणि ताईसमोर हात जोडून ढसाढसा रडू लागले. तिनं त्यांचे हात धरले.

"मामा, तुम्ही सांगितलंत म्हणून मी खाली आले," ती म्हणाली. "काल सांगितलं असतंत तर वर गेलेच नसते."

दुसऱ्या दिवशी काकांनी मला उघडलं. डबीला घडी पडली होती, ती निघण्यासारखी नव्हती. माझ्या घरात नवा वेगदर्शक आला. तो चांगला आहे. वाईट वाटलं मला, खोटं का सांगू? मला मामांनी मागून घेतलं. आता मी बँडच्या सरावाच्या खोलीत फळीवर असतो. कोणी विचारलं की मामा सगळी गोष्ट सांगतात, स्वतःची चूक एका शब्दानंही लपवत नाहीत.

म्हणून मित्रांनो, नाजूक वस्तू जपून हाताळा. तरीही बिघडतील, माणसाचेच हात ते. पण बिघडली की त्याच क्षणी सांगा, बोलणी बसली तरी सांगा. मला तोंड नव्हतं. मामांना होतं, आणि तरीही आमची ताई माझ्या खोट्या आकड्यावर भरवसा ठेवून आकाशात गेली.