आडवी पाटी

पाटीच्या उजव्या कोपऱ्याचा टवका उडालेला. देशाचं नाव तेवढं धड होतं, डेन्मार्क, आणि त्या देशाची प्रतिनिधी सोलवाय, तिचं बोट मघापासून त्या टवक्यावरून फिरत होतं... पाटी उभी केली की बोलायचंय, आडवी असली की मान्य आहे. ब्रुसेल्सच्या या सभागृहात युरोपीय संघाच्या सत्तावीस देशांचे कायदे इतक्या साध्या रीतीने पुढे सरकतात, आणि त्या रीतीचीच आज तिला धडकी भरली होती.

अध्यक्ष मसुदा वाचत होते. तव्यांच्या मुलाम्यातून, रेनकोटांतून झिरपणारी, कधीच न विरणारी ती रसायनं पिण्याच्या पाण्यात किती चालतील... तिच्या देशाने मागितलेल्या आकड्याच्या पाचपट.

सकाळी नाश्त्याला पाच देशांचं हरकत घ्यायचं ठरलं होतं : पहिली पाटी तिची, मागोमाग चौघांची. डच वाउटर पावाला लोणी फासत म्हणाला होता, "तू उभी कर गं, आम्ही आहोतच. नाहीतरी पुढे पुढे करायची खोड तुम्हा डेन लोकांनाच." सगळे हसले, तीही हसली. मग जिन्यात कोपनहेगनहून तिच्या वरिष्ठाचा, एस्किलचा फोन. बाकीच्यांच्या पाट्या उभ्या राहिल्या तरच तुझी कर. एकटे पडलो तर हट्टी ठरू, पुढच्या खेपेला आपलं कोण ऐकेल? खरंच होतं ते — लहान देशाजवळ पत सोडली तर दुसरं असतं काय? — पण पहिली तर तिचीच ठरली होती.

आणि परवा धाकटी बहीण राग्नहिल, रक्ततपासणीचा कागद हातात घेऊन... तिच्या रक्तात, विहिरीच्या पाण्यात तेच रसायन सापडलं होतं. "सोलवाय, बाळाला पाजू ना गं मी?" पाज की, असं मी म्हणून टाकलं. काय माहीत होतं मला? काहीच नाही. मी नुसती घाबरले होते.

"कोणाची हरकत नसेल तर..." अध्यक्षांनी चष्मा काढला.

तिची पाटी उभी होती. कधी केली ते तिला कळलंही नाही.

"डेन्मार्क."

तिने चौघांकडे पाहिलं. एकही पाटी हलली नव्हती. वाउटरची बोटं आपल्या पाटीच्या कडेवर, मान खाली, कानाच्या पाळ्या लालभडक... यालाही फोन आला असणार. त्या तिघांनाही. सगळेच दुसऱ्या कोणाच्या तरी धीराची वाट बघत बसलेत, आणि तो दुसरा कोणीतरी म्हणजे मी.

भीती गेली नाही, वाढलीच. लिहून आणलेला कागद तिने पालथा घातला; त्यात सगळं मोजूनमापून होतं, भ्यायलेल्या माणसाने भ्यायलेल्यांसाठी लिहिलेलं... माईकचा दिवा लागलाय, आणि काय बोलायचं ते मला माहीत नाही.