खदानीवरचा बिबट्या

ज्या तांबटानं मला ठोकून घडवलं, त्याच्या हातोडीची शपथ घेऊन सांगतो, पुढं जे ऐकाल त्यात एक अक्षर खोटं नाही. नांदेडच्या त्या मोठ्या वनउद्यानात मी बिबट्या पाहिला. म्हशीएवढा! बरं, म्हशीएवढा नसेल, वासराएवढा धरा. आणि पाहिला म्हणजे... मला डोळे नाहीत, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच सांगून टाकतो. पण होता.

मी फिरकीचा तांब्या. अंग पितळेचं, झाकणाला आटे, धरायला कडी. गुणाबाईच्या मामानं अहमदपूरच्या बाजारातून मला तिच्या लग्नात आहेराला आणलं. तेव्हापासून कुठल्याही गावाला निघाली की मी तिच्या मांडीवर. पुढं घरात प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो. पोटात कोळ्यानं बिऱ्हाड केलं.

गेल्या हिवाळ्यात तिचे मालक सटवाजी डोळे दाखवायला नांदेडला निघाले. "बाटलीच्या पाण्याला वास येतो," म्हणाले. मग कोळ्याला घर खाली करावं लागलं आणि मी चिंचेनं घासून लखलखीत झालो.

दवाखान्यात सटवाजींच्या डोळ्यांत थेंब टाकले. "रात्रीपर्यंत धुरकट दिसेल, एकटं सोडू नका," नर्सबाईनं बजावलं. एसटीला अवकाश होता, म्हणून दोघं उद्यानात शिरले.

शहराच्या मधोमध एवढं रान! साग, बांबूची बेटं, कुठंतरी ओरडणारा मोर. गुणाबाई म्हणाली, "शिवारात आपल्या झाड राहिलं न्हाई, अन् इथं तिकीट लावून दाखवून राहिलेत." सटवाजींना धड काही दिसत नव्हतं, तरी "हाव, लई भारी," म्हणत होते.

त्यांना बाकावर बसवून ती मला भरायला नळावर गेली. नळावर सहलीच्या पोरांची झुंबड. परत आलो तर बाक रिकामा, काठी खाली पडलेली. माझ्या कडीवरचा तिचा तळवा एकदम ओला झाला.

"अहो!" तिनं हाक मारली. वाटेवरचे तीन म्हातारे एकदम वळले. तिघांतला एकही तिचा नव्हता.

शिट्टी फुंकत रखवालदार धम्मानंद आला. उद्यान बंद करायची वेळ झाली होती.

"आमचे हे दिसनात," गुणाबाई म्हणाली. "अहमदपूरहून आलोत, डोळ्यात औषध हाय त्यांच्या."

"नाव सांगा मावशी, माइकवर पुकारतो."

गुणाबाईनं पदर तोंडाला लावला. नातवंडं लग्नाला आली, पण नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

"लेकरू झाल्यावर पाचवीला जिला पुजतात की न्हाई... तिच्यावरनं हाय."

"आमच्या घरी पाचवी-बिचवी कुणी पुजत न्हाई, मावशी," धम्मानंद काकुळतीला आला. "सरळ नाव सांगा ना! खालच्या अंगाला जुनी खदान हाय. पाणी हाय तिच्यात, अन् पलीकडचा कठडा पडलाय."

गुणाबाईचे ओठ हलले. आवाज नाही. धम्मानंद तसाच माइककडं पळाला आणि ती खदानीकडं.

मी तिच्या कमरेवर आदळत होतो. पोटातलं पाणी डचमळत होतं. बांबूखाली अंधार दाटला होता. भोंगा ओरडत होता, "अहमदपूरचे काका, गेटवर या!" मोर असा केकाटला की तिच्या घशातून हुंदका आला. मी पितळेचा, पण आतून गार पडलो.

आणि दिसलं पांढरं धोतर. खदानीच्या पलीकडच्या काठावर, तिलाच शोधत, पायानं चाचपत चाललेलं.

"अहो! थांबा!"

भोंग्याच्या गोंगाटात ती हाक कुणाच्याही बायकोची वाटावी अशी. सटवाजी थांबले नाहीत.

नेमका तेव्हाच बांबूमागून बिबट्या निघाला. डोळे निखाऱ्यासारखे, शेपटी हातभर. हातभर कसली, वावभर! गुणाबाईच्या हातातून मी सुटलो, दगडावर आपटलो, आणि वर तिचा आवाज फुटला,

"सटवाजी! ए सटवाजी! हलू नगं!"

सटवाजी उचललेला पाय तसाच धरून उभे राहिले. आई गेल्यापासून त्यांना असं कुणी दटावलं नव्हतं. मागून धम्मानंद धावत आला आणि त्यानं त्यांना कवेत धरून मागं ओढलं.

एसटीत सटवाजी बराच वेळ गालात हसत होते. मग हळूच म्हणाले, "पुन्हा एकदा घे की."

"चूप बसा. लोकं बघून राहिलेत."

पण ते कसले चूप बसतात! दुसऱ्या दिवशी त्यांनी पारावर सगळ्यांना सांगितलं. बाया गुणाबाईला घेरून म्हणाल्या, "काय गं, नाव घेतलंस म्हणं! तेबी एकेरी!"

"वाघरू अंगावर आलं होतं बाई," ती म्हणाली. "माणूस काय करंल? या तांब्याला इचारा, हा होता."

मी साक्षीदार झालो तो असा. आता माझ्या कुशीत पोचा आहे, आटे वाकलेत, झाकण बसत नाही. पाणी भरायचं काम संपलं. पण मला परत माळ्यावर टाकलं नाही. दारातल्या फळीवर ठेवलंय, पोचा बाहेरच्या बाजूला करून.

तुम्ही परके, म्हणून तेवढी शपथ मोडतो. बिबट्या नव्हता. खदान होती, अंधार होता, आणि तिच्या माणसाचा अधांतरी पाय होता. तेवढंच बघून ती ओरडली. बिबट्या तिनं एसटीत, मला पोटाशी धरून, लोह्याचा थांबा येईपर्यंत रचला. शेपटी तेवढी माझी.

आमच्या गावी आलात तर ती फळीवरून मला काढून गोष्ट सांगेल. ऐकून घ्या. "केवढा होता हो?" एवढंच विचारा.