दोन कार्डं

एका बाईच्या बोटाने त्याचं वाटोळं केलं. औषधाच्या दुकानदाराच्या डोक्यात पाना घालून पळणारा माणूस तिने पाहिला होता, आणि ओळख परेडीत तिने बोट रोखलं ते या लेथवाल्यावर. खालच्या कोर्टाने सात वर्षं ठोकली.

त्या दुपारी तो कारखान्यात होता. हजेरीकार्ड सांगत होतं. पण सरकारी वकील हसला, "तिथं सगळेच एकमेकांची कार्डं पंच करतात!" खोटं नव्हतं ते. मग साक्षीला आला शेजारच्या मशीनवरचा कामगार, त्याचा सख्खा थोरला भाऊ. "हा तासभर जागेवर नव्हता," म्हणाला आणि मान खाली घालून निघून गेला.

नंतर जाळीपलीकडे ढसाढसा रडला. "तू होतास म्हटलं असतं, तर उलटतपासणीत मीच बाहेर होतो हे निघालं असतं रे. नोकरी गेली असती, दोन्ही घरं कोण पोसणार? अपिलात सगळं सांगतो." उलट धाकट्यालाच त्याची समजूत काढावी लागली!

तीन वर्षांनी अपिलाच्या वकीलबाई एक कागद घेऊन तुरुंगात आल्या.

"त्या साक्षीदार बाईचा पहिला जबाब. पोलिसांनी दाबला होता. परेडीआधी तुमचा फोटोही दाखवला तिला. आणि हे ऐका, 'त्याने डाव्या हाताने मारलं.' तुम्ही डावखुरे?"

"नाही."

"तुमच्यासारखा दिसणारा कुणी?"

लेथवाल्याने स्वतःच्या उजव्या कोपराकडे पाहिलं. जेवताना दादाचं डावं कोपर कायम त्याच्या उजव्या कोपराला लागायचं. आई ओरडायची, "लांब बसा रे मेल्यांनो!" आणि हल्ल्याच्या दिवशी दादा म्हणाला होता, "दात काढायला जातो, जेवणाच्या सुट्टीनंतरचं माझं कार्ड मार." मारलं त्याने. स्वतःच्या हाताने.

"लिहा बाई. दादाचं कार्ड मी पंच केलं."

"कोर्ट विचारेल, इतकी वर्षं गप्प का होता. विश्वास ठेवेलच असं नाही."

"लिहा."

वकीलबाई गेल्यावर भेटीची हाक आली. जाळीपलीकडे दादा.

"काय म्हणाली वकील? सुटतोस ना?"

"दादा, दात कुठला काढला होतास रे? तोंड उघड, बघू."

दादाने डाव्या हाताने तोंड झाकलं. मग तो हात पटकन खिशात घातला.