रविवारची उघडणी

आमच्या साबणाच्या कारखान्यात मशीन बंद पडलं की सगळ्यांचे चेहरे उतरायचे आणि माझा उजळायचा. मी देखभाल विभागाचा प्रमुख. भोंगा वाजला की पाना हातात घेऊन नवरदेवाच्या तोऱ्यात निघायचो. मागे आमचे फिटर, ज्यांना सगळे नुसतं मिस्त्री म्हणतात. मशीन पुन्हा सुरू झालं की पॅकिंगच्या बायका टाळ्या वाजवायच्या, मोठे साहेब पाठीवर थाप मारायचे आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. इतक्या वर्षांत माझं वजन वाढलं ते बहुधा त्यानंच.

सगळ्यात जास्त टाळ्या मिळायच्या त्या रोलर मिलवर. तीन जाडजूड रोलर, एकमेकांना खेटून फिरणारे. वरून साबणाचा खरबरीत चुरा पडतो आणि पुढून पातळ, गुळगुळीत पट्टी सुटते. आईकडून मला गळा आला नाही, पण यमक जुळवायची खोड तेवढी आली. त्यामुळे या मिलवर मी एक ओवीही रचली होती:

तिघी बहिणी शेजारी, एकीसंगं एक फिरे,
पोटात जाई कोंडा, ओठी रेशीम गं झरे.

एवढी माया असून मी तिच्याशी काय वागत होतो, तर दर रविवारी कारखाना बंद असला की तिला उघडत होतो. बिघडली म्हणून नव्हे, रविवार आला म्हणून. गिअरबॉक्सचं झाकण काढ, बेअरिंगं खोल, पूस, पुन्हा बसव. धडधाकट माणसाला दर आठवड्याला टेबलावर आडवं करून पोट उघडून बघणारा डॉक्टर कुणी ठेवून घेईल का? मला ठेवलं होतं, वर बढतीही दिली होती.

त्या मिलवरच्या उत्पादनाची प्रमुख माझी बायको. म्हणजे दिवसभर जिच्या मशीनवर मी उपकार करायचो, तिच्याच हातचं संध्याकाळी जेवायचो. एका संध्याकाळी ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"अहो, बसा जरा. आज मोठ्या साहेबांनी बोलावलं होतं."

"रागावले?"

"नाही. म्हणाले, ही मोठी ऑर्डर पुरी होईपर्यंत मिल एकदाही अवचित थांबली नाही, तर नवा हॉल माझ्याकडे. थांबली तर पावडरवाल्याकडे."

नव्या मशीनांसाठी बांधलेला तो हॉल म्हणजे तिचा जीव की प्राण. पाया खणत होते तेव्हापासून ती जेवणाच्या सुट्टीत तिथं चक्कर मारायची. पाणी कुठं तुंबेल, खिडकी कुठं हवी, हे तिनंच गवंड्यांना सांगितलेलं. फरशी बसली त्या दिवशी ती चपला बाहेर काढून आत गेली होती. आणि पावडर विभागाचा प्रमुख तिथं आपलं टेबल मावतं का ते टेप लावून बघून आला होता.

"मग काळजी कसली?" मी म्हटलं. "मी आहे ना."

तिनं माझ्या सदऱ्याची घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घातली. "तीच काळजी आहे."

"म्हणजे?"

"मिल कधी बंद पडते, आठवून बघा."

"कधीही पडते. लोखंडाचा काय भरवसा!"

"सोमवारी पडते. नाहीतर मंगळवारी. शनिवारी पडलेली आठवते का?"

मी खूप आठवून पाहिलं. "शनिवारपर्यंत ती मुरलेली असते," मी म्हणालो.

"आणि रविवारी तिला उघडतं कोण?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी उठलो, पाणी प्यालो, ग्लास जरा जोरातच ठेवला. तिनं पायमोज्यांच्या जोड्या लावणं चालू ठेवलं.

"बेअरिंग काढलं की थोडी तरी धूळ आत जाते, बसवताना थोडं तरी तिरकं बसतं. तुम्हीच नव्या पोरांना शिकवता हे. ऑर्डर संपेपर्यंत मिल उघडायची नाही. ऐका, हात लावून बघा, तेल बघा. थरथर मोजायचा तो मीटर कपाटात धूळ खातोय, तो काढा बाहेर. मिल बोलली तर उघडा. कॅलेंडर बोललं म्हणून नाही."

मिस्त्रींना सांगितलं तर ते हबकलेच. "बाईंचं काहीतरीच, साहेब. रविवारी कुणी आलं नाही तर मिलला काय वाटेल?"

मिलला काय वाटलं ठाऊक नाही, पण माझे हात असे काही शिवशिवायला लागले की पहिल्या रविवारी मी घरातला पंखा उघडला. दुसऱ्या रविवारी मिक्सर. पंखा तेव्हापासून आवाज करतो. मिक्सर मात्र आवाज करत नाही, कारण तो काहीच करत नाही. बायकोनं स्क्रू ड्रायव्हर कुठं लपवला ते मला अजून सापडलेलं नाही.

आणि मिल? ती चालली. सोमवारी चालली, मंगळवारी चालली, पुढचाही सोमवार हसत खेळत पार पडला. आपल्यावाचून घर छान चाललंय हे कळल्यावर एखाद्या सासऱ्याचं तोंड होत असेल, तसं माझं झालं. पॅकिंगमधली एक बाई विचारू लागली, "साहेब, दिसत नाही हल्ली! बदली झाली का?"

मग मी रोज सकाळी मीटर घेऊन मिलपाशी उभा राहू लागलो. आधी नाइलाजानं, मग सवयीनं, मग खरं सांगायचं तर ओढीनं. मोटरचा सूर वेगळा, गिअरचा वेगळा. पहिला रोलर कोमट, मधला जरा जास्त, तिसरा गार. पाना हातात असताना यातलं काही मला कधी ऐकूच आलं नव्हतं.

ऑर्डर संपत आली. पांढऱ्या साबणाचा थोडा माल राहिला होता, त्यानंतर गुलाबी, की संपलं. अशात एका सकाळी तिसऱ्या रोलरच्या बाहेरच्या टोकाशी, बेअरिंगच्या खोक्याला हात लावला आणि पुन्हा लावून बघितला. गार असायची ती जागा गरम होती. मीटरचा आकडाही वर. दुपारी पाहिलं तर आणखी वर.

मिस्त्रींनी बाह्या सरसावल्या. "आली वेळ, साहेब! आणू का पाने?"

"थांबा हो," मी म्हटलं, आणि बायकोच्या केबिनकडे निघालो.

तिनं कागदावरून नजरही उचलली नाही. "नाही."

"मी अजून तोंड उघडलेलं नाही."

"तुम्ही या वेळेला येता म्हणजे काहीतरी खोलायचंच असतं."

"तिसऱ्या रोलरचं बेअरिंग जातंय."

"अहो, चार दिवस राहिलेत. तुमचे हात शिवशिवतायत, दुसरं काही नाही. घरात आता खोलायला काही उरलं नाही म्हणून इकडे आलात."

यावर मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण सकाळपासून मी स्वतःला हेच सांगत होतो. "मलाही तसंच वाटलं," मी म्हटलं. "म्हणून पुन्हा पुन्हा मोजलं. दर वेळी मनात म्हणत होतो, आकडा खाली येऊ दे. नाही आला. मला ती उघडायची नाहीये गं. भीती वाटतेय."

आता तिनं मान वर केली. चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिली. लग्नाआधी मी तिला बघायला गेलो होतो तेव्हाही तिनं मला इतकं निरखून बघितलं नसेल.

"खूश दिसत नाही तुम्ही," ती हळूच म्हणाली.

ती माझ्याबरोबर मिलपर्यंत आली. माझ्या हाताशेजारी तिनं आपला हात ठेवला.

"गरम आहे हे मलाही कळतं," ती म्हणाली. "किती टिकेल ते नाही कळत."

"उद्याची सकाळ निघेल. त्यापुढचं मी सांगत नाही."

"आणि तेवढं एकच बदललं तर?"

"तर ऑर्डर पुरी होईल. गिअरबॉक्सला हात लावणार नाही. शपथ घेऊ का?"

"नको. मिक्सरच्या वेळीही घेतली होती."

पांढऱ्यावरून गुलाबीवर जाताना रोलर धुवावेच लागतात. तेवढा वेळ मिल ठरवून थांबते आणि ते थांबणं कुणी अवचित म्हणत नाही. पण ती धुलाई परवा होती. बायकोनं ती उद्या सकाळवर आणली. राहिलेला पांढरा माल मागे गेला, म्हणजे गुलाबीनंतर पुन्हा एकदा धुवावं लागणार, आणि पॅकिंगमध्ये गुलाबी वेष्टनं अजून उघडलीही नव्हती. फोनवर ती शांतपणे बोलत होती. "हो, माझ्या जबाबदारीवर. हो, ओरडा, ऐकतेय मी." माझा अंदाज चुकला असता तर नवा हॉल तिनं नवऱ्याच्या तळहाताच्या भरवशावर घालवला असता. त्या दिवशी मी मीटर घेऊन आणखी तीनदा मिलपाशी जाऊन आलो.

सकाळी रोलरांवरून पांढरं फेसाळ पाणी वाहत होतं आणि त्याच वेळी मिस्त्री आणि मी ते बेअरिंग उतरवत होतो. बायको हाताची घडी घालून शेजारी उभी. बेअरिंग निघालं. आतल्या कड्यावर नखाएवढा टवका उडालेला होता, आणि त्याच्या पुढं बारीक तडा गेला होता. तिनं त्यावरून नख फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

नवं बसलं. मिस्त्रींची नजर हळूच गिअरबॉक्सकडे गेली. "आता एवढं खोललंच आहे तर, जाता जाता..."

"मिस्त्री!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

धुलाई संपायच्या आत मिल तयार होती. गुलाबी माल निघाला, राहिलेला पांढराही निघाला, आणि मिल शेवटपर्यंत एकदाही अवचित थांबली नाही.

कॅन्टीनमध्ये छोटासा समारंभ झाला. मोठ्या साहेबांनी नव्या हॉलच्या किल्ल्या बायकोच्या हातात दिल्या. तिनं त्या मुठीत इतक्या घट्ट धरल्या की बोटं पांढरी पडली. पावडरवाल्यानंही टाळ्या वाजवल्या, जरा उशिरा. मग साहेब आमच्याकडे वळून म्हणाले, "देखभालवाल्यांना यंदा मात्र फारसं काम नव्हतं!" सगळे हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

"साहेब," मिस्त्री माझ्या कानाशी कुरकुरले, "आपण काय केलं म्हणून सांगायचं हो लोकांना?"

"काही झालं नाही, असं सांगायचं."

"हे काय सांगणं झालं?"

टाळ्यांची चटक सुटायला वेळ लागेल असं दिसतंय.

नवा हॉल सुरू झाला त्या सकाळी माझा फोन वाजला. बायकोच होती. "अहो, इकडे या जरा."

"बंद पडली?" माझा आवाज जरा जास्तच उत्साही झाला असावा.

"चालू आहे. छान चालली आहे. म्हणूनच बोलावतेय. बरी असताना कशी वाजते, ते एकदा नीट ऐकून ठेवा. आणि एकटेच या. मिस्त्रींना सवडीनं दाखवू."

मी गेलो. नवी कोरी मिल, खिडकीतून तिरपं ऊन, ओल्या साबणाचा वास. मी तिसऱ्या रोलरच्या टोकाशी, बेअरिंगच्या खोक्यावर तळवा टेकवला आणि डोळे मिटले. बायको शेजारी येऊन उभी राहिली.

"काय म्हणतेय?" तिनं विचारलं.

"अजून लाजतेय," मी म्हटलं. "रोज यावं लागेल."

"या की," ती म्हणाली, आणि कामाला लागली.