डबल कोण देणार

नानांना बस चालवता येत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर त्यांच्या जुन्या डेपोत लोकांची हसून हसून पुरेवाट झाली असती. खड्ड्यांच्या रस्त्यावरही ज्यांच्या गाडीत पेंगणाऱ्या माणसाची मान हलायची नाही, ते हे नाना. पण परदेशात नोकरीला लागून पुरते पंधरा दिवस झाले नव्हते, तोच त्यांना शिकवणाऱ्या साहेबांनी फार सभ्यपणे सांगितलं, "गाडी तुम्ही छान चालवता. फक्त थांब्यावरून हलवत नाही."

हे साहेब उंच, किडकिडीत. गाडीत पुढच्या दांड्याला धरून एका पायावर भार टाकून उभे राहायचे, म्हणून नाना त्यांना मनातल्या मनात बगळा म्हणत. माणूस वाईट नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकतही नव्हतं. तिथल्या बसला कंडक्टर नसतो. लोक चढतात, ड्रायव्हरशेजारच्या मशीनला कार्ड टेकवतात, ड्रायव्हरनं बटण दाबून दार लावायचं, आरशात बघायचं आणि निघायचं. नाना दार लावत, आरशात बघत आणि मग नुसते बसून राहत. ब्रेकवरचा पाय उठतच नसे. मागून कुणी हॉर्न दिला किंवा एखादी बाई खोकली, की भानावर येऊन गाडी सोडत.

ते डबलची वाट बघत असत.

ज्यांनी कंडक्टरच्या गाडीतून प्रवासच केला नाही, त्यांच्यासाठी सांगून टाकतो. कंडक्टरनं दोरी ओढून एकदा घंटी दिली की थांबायचं, दोनदा दिली की निघायचं. ही दुसरी ती डबल. डबल मिळाल्याशिवाय ड्रायव्हर जागचा हलत नाही. आणि नानांना सगळी वर्षं ही डबल देणारी कंडक्टर होती त्यांची बायको. आधी डेपोनं त्यांची जोडी लावली, मग घरच्यांनी. कंडक्टरला तिकडे मास्तर म्हणतात, म्हणून अख्खा डेपो तिला मास्तरीणबाई म्हणायचा. घरी काही बिनसलं असेल, तर त्या दिवशी डबल अशी तुटक यायची की रोजचे प्रवासी एकमेकांकडे बघून हसायचे. नानांना मात्र मागे काय चाललंय हे बघायची गरजच कधी पडली नाही. मागे ती होती ना.

पुढे डेपोच्या फेऱ्या कमी झाल्या, मास्तरीणबाईंना चौकशीच्या खिडकीत बसवलं, आणि नानांना परदेशातून बोलावणं आलं. तिथे ड्रायव्हर हवे होते. नाना का कू करायला लागले, तेव्हा तिनंच बॅग भरायला घेतली. "तुम्ही पुढे व्हा. नोकरी पक्की झाली की मी येते." नोकरी पक्की झाल्याशिवाय बायकोला नेता येत नव्हतं, आणि नोकरी पक्की होणं होतं बगळ्याच्या हातात.

नानांची खोली एका लाँड्रीच्या वर होती. दिवसभर खालून मशीनची घरघर, आणि भिंत हाताला कोमट लागायची. दाराला दोन खुंट्या. एकीवर नाना आपला कोट अडकवत आणि त्यावरच टोपी, त्यावरच पिशवी, सगळा डोलारा. दुसरी खुंटी मोकळी. ती तिची.

बायकोला त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. रोज फोनवर "सगळं झकास" चालू होतं. पण इतकी वर्षं एका गाडीत काढलेल्या बाईपासून काय लपणार? एका सुट्टीच्या दुपारी ती म्हणाली, "झकास झकास काय लावलंय? आवाज असा का पडलाय ते सांगा आधी."

नानांनी सांगून टाकलं. आधी ती पोटभर हसली. मग तिनं विचारलं,

"अहो, डबल द्यायच्या आधी मी काय बघायचे, माहितीय तुम्हाला?"

"दार लागलंय का ते. अजून काय?"

"धन्य आहात. दार लागलेलं तुम्हालाही कळायचं. मी हात बघायचे."

"हात?"

"लोकांचे हात. तोंडं बघून काही कळत नाही, तोंडं सगळी घाईत असतात. कुणी दांडा धरलाय, कुणी सीटची कड धरलीय, आईनं पोराला धरलंय. एकही हात अधांतरी दिसला नाही, की माझा हात दोरीकडे जायचा. आता आरशात तुम्हीच बघा. आणि हात दिसले की मी डबल दिली असं समजा."

आत्ता कुठे नानांना उमगलं. जन्मभर आपण गाडी चालवतो अशा तोऱ्यात होतो, आणि निम्मी गाडी ही चालवत होती. त्यांना तिची इतकी आठवण आली की शेजारी कुणी असतं तर लाज वाटली असती.

दुसऱ्या दिवसापासून नाना हात बघू लागले. हातमोज्यातले, पिशव्यांनी भरलेले, एकमेकांच्या हातातले. सगळे कशाला ना कशाला टेकले की पाय आपोआप ब्रेकवरून उठायचा. गाडी वेळेवर धावू लागली, बगळा दोन पायांवर उभा राहू लागला, आणि महिना संपला तेव्हा त्यानं नानांचा हात धरून नोकरी पक्की झाल्याचं सांगितलं.

नानांनी धावतपळत घरी येऊन फोन लावला. आता ती म्हणेल, निघाले. पण ती म्हणाली, "बरं झालं हो." आणि मग, "म्हणजे आता माझ्यावाचून गाडी चालते."

"अगं, तूच तर शिकवलंस."

"हो ना. शिकवून बसले. आता मी येऊन करू काय? तिथे कंडक्टर नसतोच म्हणता. इथे निदान खिडकीत बसून लोकांना गाड्या तरी सांगते."

त्यानंतर आज रजा नाही, उद्या गुडघा दुखतोय, असं चालू झालं. नाना मनातून हादरले. नोकरी मिळाली आणि बायको गेली, असला व्यवहार त्यांना नको होता. शेवटी पुष्कळ विनवण्यांनंतर ती आली, पण परतीचं तिकीट काढूनच. "बघून जाते," म्हणाली. खोलीत बॅग उघडून तिनं ती तशीच भिंतीशी ठेवली. खुंटीकडे बघितलंही नाही.

सकाळी नानांनी तिला आपल्या बसमध्ये नेलं. ती दाराजवळच्या आडव्या सीटवर बसली, मांडीवर पर्स, पाठ ताठ, ड्युटीवर बसावं तशी. पहिल्या थांब्यावर बरीच माणसं चढली. नानांनी दार लावलं, आरशात बघितलं. सगळे हात जागच्या जागी होते.

नाना निघाले नाहीत.

माणसं चुळबुळ करू लागली. नानांनी आरशातून बायकोकडे बघितलं. तिनं बघितलं, आणि तिला कळलं. हे गाडी अडवून कुणासाठी बसलेत, ते तिला बरोबर कळलं. तिचे डोळे भरून आले. तरी ती हलली नाही. नानांना वाटलं, म्हणजे ही जाणारच.

मग तिनं पुन्हा एकदा मागे बघितलं, शेजारच्या दांड्यावरच्या पिवळ्या बटणाकडे हात नेला आणि दोनदा दाबलं. टिंग, टिंग.

नानांनी गाडी सोडली. ते बटण पुढे उतरायचंय हे सांगण्यासाठी असतं, त्यामुळे पुढच्या थांब्यावर गाडी इमानदारीत थांबली आणि कुणीच उतरलं नाही. एकदोघं हसले. मास्तरीणबाईंनी तिथेही डबल दिली.

शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली तेव्हा ती पुढे येऊन उभी राहिली.

"इतका वेळ का लावलास?" नाना म्हणाले. "मला वाटलं, देतेस की नाही."

"कशी देणार? मागच्या खांबाआड एक आजी होत्या. त्यांना सीट सापडत नव्हती. तुमच्या आरशात त्या दिसतच नाहीत."

नानांनी आरशात बघितलं. खांब दिसत होता. खांबामागचं खरंच काही दिसत नव्हतं. इतके दिवस दिसलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरलेला तिनं बघितला.

"असू दे," ती म्हणाली आणि त्यांच्या शर्टाच्या खांद्यावरची सुरकुती हातानं सारखी केली. "उद्या पहिली फेरी किती वाजता असते आपली?"